पक्क्या पेटीतली अकरा मीटरं

रिसोडात शफीकभाईंच्या दुकानाची पाटी कधीच पुसली गेली, पण दुकान विचारत बसायची गरज पडत नाही. बाजाराच्या वाटेला लागलं की ठोक-ठोक ऐकू येतं, त्या आवाजाच्या मागं मागं जायचं. पत्र्याच्या पेट्या करणारा माणूस. बाप पेट्या करायचा, बापाचा बापही तेच. तिघांचं म्हणणं एकच, की पेटीत फट राहिली तर ती पेटी नव्हे, टोपलं.

माणूस मोठा हेकट, बरं का. गिऱ्हाईक नुसतं म्हणालं, "भाई, झाकण नीट बसते ना?" की संपलं. शफीकभाई आजचा पेपर पेटीत टाकणार, झाकण लावणार, वरून बादलीभर पाणी ओतणार, मग पेपर काढून गिऱ्हाइकाच्या हातात देणार. "घ्या, वाचा. एक अक्षर तरी ओलं झालं का?" दुकानापुढं चिखल व्हायचा, शेजारी शिव्या घालायचे, पण पेपर कोरडा तो कोरडा.

पण कोरड्या पेपरावर धंदा थोडाच चालतो! लग्नात पोरीला पेटी द्यायची चाल गेली. चाकाच्या सुटकेसी आल्या. धान्याच्या कोठ्या गेल्या, प्लास्टिकचे निळे ड्रम आले, आणि ते ड्रम विकणारं हेमसिंगचं दुकान नेमकं शफीकभाईंच्या समोर उघडलं. त्या दिवसापासून शफीकभाईंनी हेमसिंगच्या दुकानात चहा घेतला नाही. बारा वर्षं! हेमसिंग बिचारा रोज हात वर करून सलाम करायचा, हे रोज पत्र्याकडं बघायचे. दिवसभर मोडक्या कड्या आणि गंजलेले तळ ठोकत बसायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन भाजीत मीठ कमी म्हणून तणतणायचे. घरात त्यांच्या उर्दूत चालायचं, मी आपलं वऱ्हाडीत सांगतो. मेहरबी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "पत्रा ठोकून ठोकून बी राग उरते काय तुमचा? उरलेला बी तिकडंच ठोकून येत जा ना."

मग सरकारी इमारतींत ती नवी विजेची मीटरं आली. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत, वाचनालय, सगळीकडं. ही मीटरं आपली आपण बोलतात म्हणे. रीडिंग घ्यायला कुणी यायला नको, मोबाइलसारखं टॉवरवरून थेट वाशिमला आकडा जातो. चांगली सोय. पण आपल्याकडं सरकारी वस्तू वापरायला येते असं कुणाला वाटतं? ती येते सांभाळायला. शाळेत टीव्ही आला की तो लोखंडी कपाटात जातो आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला बांधल्यासारखी त्यांच्याजवळच राहते. खुर्च्या आल्या की त्यांच्यावरचं प्लास्टिक फाटेपर्यंत कुणी काढत नाही. वस्तू बिघडली तर चालेल, पण "हरवली कशी" असं कुणी विचारू नये, ही आपली रीत. राग येतो मला, पण मीही नोकरीत असतो तर तेच केलं असतं.

तर एका सरकारी दवाखान्यातले शिपाई शालिग्राम रिसोडच्या बाजाराच्या दिवशी शफीकभाईंकडं आले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, भारी घाबरट.

"शफीकभाई, दवाखान्यात नवं मीटर लागलं. डॉक्टर म्हणते, शालिग्राम, सांभाळजो. आता वानरायले कोन सांगन? मांगच्या महिन्यात टाकीचं झाकण उचलून नेलं त्यायनं. उद्या मीटर नेलं त म्या पेन्शन वानराले मांगू काय?"

"मंग काय पाह्यजे?"

"पेटी करून द्या. कुलूपवाली. अशी का वानर त काय, मुंगी बी जाऊ नये."

मुंगीही जाऊ नये! बारा वर्षांत असं बोलणारं गिऱ्हाईक शफीकभाईंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी ठेवणीतला जाड पत्रा काढला. कडा दुहेरी दुमडल्या, सांधे डाख देऊन बंद केले, आकडा दिसावा म्हणून दारात चार बोटांची काच बसवली आणि तिच्या भोवतीही फट राहू नये म्हणून लांबी भरली. पाणी ओतून दाखवलं. शालिग्राम खूश होऊन पेटी घेऊन गेले, आणि हा शिपाई काही पोटात गोष्ट ठेवणारा नव्हता. पंधरा दिवसांत दहा ठिकाणच्या मीटरांवर शफीकभाईंच्या पेट्या चढल्या. ठोक-ठोक वाढली. भाजीत मीठ बरोबर पडू लागलं. मेहरबी सुनेला म्हणाली, "सरकारनं मीटर नायी लावलं, तुह्या सासऱ्याले टॉनिक पाजलं."

अकरावी पेटी मात्र कुणी मागितली नव्हती. ती शफीकभाईंनी आपल्या मनानं केली, मोहल्ल्यातल्या मुलींच्या उर्दू शाळेसाठी. नात जिकरा तिथं चौथीत होती. हयातीतलं सगळं कसब त्या पेटीत ओतलं. तिला दारच ठेवलं नाही. "मीटरले हात लावाचं कामच नायी, मंग दार कायले? दार म्हंजे फट." चारी बाजू भिंतीत सिमेंटनं पक्क्या केल्या, समोर पत्र्यात फक्त चार बोटांची काच. शाळेच्या बाई म्हणाल्या, शफीकभाई, भिंत पडंल पण पेटी पडायची नाही. चार दिवस ते हे वाक्य भेटेल त्याला सांगत सुटले होते.

पाचव्या दिवशी, म्हणजे बुधवारी, दुकानापुढं एक स्कूटी येऊन थांबली. पाठीवर हत्यारांची पिशवी, केसांत धूळ, पंचविशीतली पोरगी.

"शफीकचाचा तुमीच काय? म्या पौर्णिमा. धनजच्या भिवाजीची पोरगी. हे मीटरं म्या बसवते."

शफीकभाईंनी स्टूल पुसून पुढं केलं. पोरगी बसली आणि सांगू लागली. आयटीआय करून एजन्सीत लागली होती. एवढ्या फिटरांत बाई ती एकटी. तिनं बसवलेल्या मीटरांपैकी अकरा मीटरं मुकी झाली होती. वाशिमच्या पडद्यावर सगळी हिरवी, ही अकरा लाल. ती तपासायला जायची, दार असलेल्या दहा ठिकाणी शिपाई पेटीचं दार उघडायचा, मीटर पोपटासारखं बोलायचं. ही पाठ फिरवून गावाबाहेर निघाली की पुन्हा मुकं!

"दोन खेपा मारल्या म्या. लोकं म्हणतेत, बाईच्या हातचं काम असंच. साहेबानं सांगतलं, शनिवारी तपासणी हाय. तोवर अकराच्या अकरा बोलले त ठीक, एक बी मुकं राह्यलं त 'फिटिंग खराब' असं लिहीन अन् तुह्यं काम दुसऱ्याले देईन. काल शालिग्रामकाका मले म्हणाले, मीटरचं काय सांगतं, पेटी पाह्य, पेटी! रिसोडच्या शफीकभाईची हाय! तवा माह्या डोक्यात उजेड पडला."

"म्हंजे? माह्या पेटीत खोट हाय म्हणतं काय?" शफीकभाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"खोट नायी चाचा. तुमचा मोबाइल द्या बरं."

तिनं त्यांचा मोबाइल घेतला, नव्या कोऱ्या पेटीत ठेवला, झाकण लावलं, आणि आपल्या फोनवरून नंबर फिरवला. फोन शफीकभाईंच्या कानाला लावला. आतून बाई बोलली, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

"बाहेर कोठी? माह्या पुढ्यात त हाय!"

"तुमच्या पेटीत हाय ना. मीटरच्या पोटात असंच सीम असते. पत्रा चौफेर बंद असला का त्याचा आवाज बाहीर निंघत नायी, एवढ्याशा काचेतून बी नायी."

शफीकभाईंनी कोपऱ्यातली एक ट्रंक ओढली. दुरुस्तीला आलेली, कारखान्यातली, झाकणाला बोटभर फट. असल्या ट्रंकांवर ते थुंकायचेसुद्धा नाहीत. मोबाइल तिच्यात टाकला. नंबर फिरवला. आणि काय सांगू, आतून ट्रिंग ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! सारा बाजार ऐकेल असा वाजला.

पौर्णिमाला हसू आवरेना. शफीकभाईंचं तोंड मात्र असं पडलं की तिनं हसू गिळलं. रद्दी ट्रंक पास आणि यांची पेटी नापास! चांगलं काम केलं हाच गुन्हा! बराच वेळ ते नुसते झाकणावरून हात फिरवत बसले. मग त्यांना एकाएकी पोरगी दिसली. म्हणजे समोर होतीच, पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हाताला गुंडाळलेली पट्टी, हे तेव्हा दिसलं. आपल्या मानापायी या लेकराची नोकरी जाणार, हे कळल्यावर त्यांना लाज वाटली.

"जाळी पाडतो," ते म्हणाले. "भोकं पाडली का आवाज निंघन."

दुपारभर बसून त्यांनी त्या पेटीच्या झाकणाला बारीक भोकांची जाळी पाडली. जाळी तरी कशी, मशिदीच्या खिडकीला लावावी अशी! मोबाइल आत, झाकण बंद, नंबर फिरवला. पुन्हा तीच बाई, तेच संपर्कक्षेत्र. "भोकं लयी बारीक हायेत चाचा," पौर्णिमा म्हणाली, "त्या ट्रंकीवाणी लांब फट पाह्यजे." शफीकभाईंनी हातोडी फेकली. "ही बाई कोन हाय? मले एकदा भेटू द्या इले!"

मेहरबी जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "दार पत्र्याचं कायले पाह्यजे? पलास्टिकचं लावा. माह्या पलास्टिकच्या डब्यात चुकून मोबाइल जाते तवा वाजते त खरा."

"पलास्टिक!" शफीकभाई ताडकन उठले. "माह्या हातानं पलास्टिक लावू? ज्यानं माह्या धंद्याची माती केली ते?"

"मंग राहू द्या. पोरीची नोकरी जाऊ द्या. तुमचं नाक शाबूत राह्यलं म्हंजे झालं."

चाळीस वर्षांच्या संसारात मेहरबीनं ओरडून काही मिळवलं नव्हतं, पण अशा सावकाश बोलण्यानं पुष्कळ मिळवलं होतं. शफीकभाई उभे राहिले, बसले, परत उभे राहिले, आणि रस्ता ओलांडून हेमसिंगच्या दुकानात शिरले.

हेमसिंग घाबरून उठला. त्याला वाटलं, बारा वर्षांचं भांडण आज निकाली लागतं.

"हेमसिंग, जाड पलास्टिकचा पत्रा हाय काय? वानरानं ओढला तरी न फाटणारा?"

"हाय ना भाई. फायबरचा. छपराले लावतेत तो."

"पाह्यजे मले. आजच." आणि जरा थांबून, दुसरीकडं बघत, "चहा सांग दोन."

झाकणाच्या जागी फायबर बसवलं, आणि फायबरमागून मोबाइल वाजला. खणखणीत वाजला. पौर्णिमानं टाळी वाजवली, आणि पत्रा घेऊन आलेल्या हेमसिंगला काही समजलं नव्हतं तरी त्यानंही वाजवली.

गुरुवार आणि शुक्रवार या दोन दिवसांत जे झालं ते रिसोडकर अजून सांगतात. पुढं पौर्णिमा, मागं एकसष्ट वर्षांचे शफीकभाई, मांडीवर फायबरची दारं, अशी ती स्कूटी गावोगाव फिरली. शेलूबाजारला जीपवाल्यांनी हाका मारल्या, "चाचा, गाडी कवा शिकता?" शफीकभाई म्हणाले, "आदी बसाले शिकतो बाबू, खड्डे बम हायेत." प्रत्येक ठिकाणी ते आपल्या हातानं आपलं पत्र्याचं दार काढायचे आणि फायबरचं लावायचे. शालिग्राम तर रडकुंडीला आले. "भाई, पक्कं काढून कच्चं कायले लावून राह्यले?" त्यांना समजवायला अर्धा तास गेला. शुक्रवारी जुम्म्याची नमाज शफीकभाईंनी वाटेतल्या एका गावात पढली. तोवर पौर्णिमा बाहेर झाडाखाली फोनवर बघत बसली होती. ते आले तेव्हा ती ओरडली, "चाचा, सात हिरवी!" संध्याकाळी घरी परतेपर्यंत दहा झाली होती. गेल्या बारा वर्षांत त्यांना इतकी भूक लागली नव्हती. चार भाकरी खाल्ल्या आणि भाजीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

राहिली अकरावी. उर्दू शाळेला शुक्रवारी सुट्टी, शाळेला कुलूप. म्हणजे ते काम शनिवारी सकाळचं. आणि त्या पेटीला तर बदलायला दारच नव्हतं.

शनिवारी शफीकभाई हत्यारांची थैली घेऊन शाळेत पोचले तेव्हा वाशिमचे साहेब आधीच आलेले. फाटकातून त्यांना साहेबांचा आवाज ऐकू आला. साहेब वाईट नव्हते, पण तीन दिवस उन्हात फिरून तापलेले होते.

"पौर्णिमा, दहा सुधारले, मान्य. पण हे अकरावं? आणि हे लोखंड कुणी चढवलं याच्यावर? मीटरला बाहेरच्या माणसानं असं बंद करायचं नसतं. नाव सांग, मी नोटीस काढतो. तुझं नाव यातून सुटेल."

पोरीनं नाव सांगायचं होतं, एवढंच. सांगितलं असतं तर कुणी वाईट म्हटलं नसतं. पण ती म्हणाली, "सर, मीटर मी बसवलंय. त्याच्यावर काय चढलं हे बघणं माझं काम होतं. माझंच नाव लिहा."

शफीकभाईंचे पाय फाटकातच थांबले. ओळख तीन दिवसांची, नात्यात ना गोत्यात, आणि ही पोरगी यांच्यासाठी आपल्याच पोटावर पाय द्यायला निघाली! ते झपाझप पुढं आले.

"थांबा साहेब. लिहायचं त माह्यं नाव लिहा. पेटी शफीकनं बनवली. पोरीचं काम सोन्यावाणी हाय, खोट माह्या कामात हाय."

हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बायकोनं नाही, बापानं नाही, बादलीभर पाणी पाहिलेल्या गिऱ्हाइकांनी तर मुळीच नाही. ते बोलून गेले आणि काही कोसळलं नाही. मीटरकडं येणारी वीज आधी बंद करून घे, असं त्यांनी पौर्णिमाला सांगितलं. मग छन्नी लावली आणि हातोडी उचलली.

पहिला घाव घालताना त्यांनी डोळे मिटले. पेटी नुसती घुमली. दुसरा, तिसरा. वर्गांतून मुली बाहेर आल्या, बाई आल्या, कानांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पेटी ऐकेना. ऐकेल कशी, शफीकभाईंनीच केलेली ना! साहेब म्हणाले, "अहो, माणूस बोलावू का?" शफीकभाई घामाघूम होऊन म्हणाले, "साहेब, हिची कड कोठी दुमडली हे माह्याशिवाय कोनाले मालूम नायी." पाऊण तास लागला. शेवटी काचेसकट समोरचा पत्रा उखडून जमिनीवर आदळला, आणि आतलं पांढरं मीटर उघड्यावर आलं.

पौर्णिमानं वीज सुरू केली. सगळे तिच्या फोनभोवती जमले. एक मिनिट. दोन मिनिटं. लाल. लाल. मग लाल पुसलं आणि हिरवं आलं. मुली अशा ओरडल्या की साहेब दचकले.

साहेबांनी कागदावर लिहिलं, वाचून दाखवलं: अकराही मीटरं सुरू, फिटिंग उत्तम. खाली सही केली. नोटिशीचं काय, असं शफीकभाईंनी स्वतःच विचारलं. साहेब त्या उखडलेल्या पत्र्याकडं बघत म्हणाले, "चाचा, तुम्हाला याहून मोठी शिक्षा मी काय देणार?"

इतके दिवस लोकांची बोलणी ऐकून, साहेबांचा दम ऐकून जी पोरगी रडली नव्हती, ती आता भिंतीला टेकून हमसून हमसून रडू लागली. शफीकभाई गोंधळले. घामट हात आधी सदऱ्याला पुसले, मग तिच्या डोक्यावर ठेवले.

"अवो बाई! पेटी माह्यी फुटली अन् रडून तू राह्यली?"

ती रडता रडता हसली. बाईंनी चहा मागवला. मग भिंतीतल्या त्या वेड्यावाकड्या खिंडाराकडं बघून बाई म्हणाल्या, "शफीकभाई, हे कसं दिसते! सोमवारी फायबर लावाल ना याले?"

"लावतो ना. पण आज राहू द्या तसंच. आज त्याले बोलू द्या."

आणि थैली खांद्याला लावून शफीकभाई घराकडं निघाले. जन्मात पहिल्यांदा आपलं एक काम उघडं टाकून ते चालले होते, आणि सांगायची गोष्ट म्हणजे, त्याचं त्यांना काही वाईट वाटत नव्हतं.